एकाच कॉम्प्युटरवर अनेक जुने ब्राउझर कसे चालवायचे? सुरतेत वेबसाइट बनवणाऱ्या मराठी तरुणांसाठी कामाची माहिती

सुरत : आपल्या लॅपटॉपवर झकास चालणारी वेबसाइट गिऱ्हाइकाच्या दुकानात गेली की बंद पडते. वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येतेच. बटण दाबलं जातं, पण पुढे काही होत नाही. साडीच्या भावाच्या जागी नुसता चौकोन दिसतो. फॉर्म अर्धा भरला की पान गोठतं. शेठ म्हणतो, "तुझं काम कच्चं आहे." पोरगा म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, पण उरलेले पैसे अडकतात ते पोराचेच.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्या पुढच्या पिढीतली कितीतरी मुलं आता कापडाच्या कारखान्याऐवजी कॉम्प्युटरवर काम करतात. कुणी सुरतेत वीर नर्मद विद्यापीठाच्या कॉलेजात शिकलं, कुणी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून पदवी घेऊन तापी लाइनच्या गाडीने इकडे आलं. गिऱ्हाईक इथलेच व्यापारी आणि त्यांची यंत्रं जुनी. म्हणून जुन्या ब्राउझरवर वेबसाइट तपासून देणं हा हौसेचा विषय नाही, पोटापाण्याचा आहे. त्यासाठी दहा जुने कॉम्प्युटर विकत घ्यायची मात्र गरज नाही. एकाच यंत्रावर हे सगळं बसवता येतं.

जुना ब्राउझर दुकानात टिकतोच कसा?

दुकानातला कॉम्प्युटर मुळात बिलासाठी आणि हिशेबासाठी घेतलेला असतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्या महिन्यात सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून आंदोलन केलं, पण शेवटी सगळ्यांनाच हिशेब ऑनलाइन भरावा लागला. त्या वेळी किंवा त्याआधी घेतलेलं यंत्र बिल छापतंय तोवर कुणी बदलत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

अडचण अशी की विंडोज जुनी झाली की ब्राउझरही तिथेच थांबतो. विंडोज एक्सपीसाठी क्रोमचं शेवटचं व्हर्जन ४९ आणि फायरफॉक्सचं ५२. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९, ते जानेवारी २०२३ मध्ये आलं. पुढच्याच महिन्यात आलेल्या क्रोम ११० ला किमान विंडोज १० लागते. फायरफॉक्सने विंडोज ७ वाल्यांसाठी ११५ हे व्हर्जन धरून ठेवलं आणि त्याच्या सुरक्षा अपडेटची मुदत नंतर अनेकदा वाढवली. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला.

फोनचंही तेच. अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ च्या पुढे जात नाही. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये काइओएस ही प्रणाली आहे आणि तिचा ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८ व्या व्हर्जनच्या इंजिनावर उभा आहे. म्हणजे फोन विकत घेतला त्याच दिवशी ब्राउझर वर्षभर जुना होता.

नेमकं बिघडतं काय?

जुना ब्राउझर वेबसाइट "हळू" चालवतो असा अनेकांचा समज आहे. खरं दुखणं वेगळं आहे. नव्या ब्राउझरला जी भाषा समजते, त्यातले काही शब्द जुन्याला माहीतच नसतात.

एक उदाहरण बघा. जावास्क्रिप्टमध्ये यादी क्रमाने लावण्यासाठी 'टू-सॉर्टेड' नावाची नवी सोय आली. क्रोममध्ये ती ११० व्या व्हर्जनपासून आहे. विंडोज ७ वाला क्रोम अडकलाय १०९ वर. फक्त एका आकड्याचा फरक! समजा साड्यांची यादी भावाप्रमाणे लावायला डेव्हलपरने ही सोय वापरली. त्याच्या लॅपटॉपवर यादी सुरेख लागते, दुकानात मात्र ती येतच नाही. गंमत म्हणजे त्याच दुकानातल्या त्याच विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ उघडला तर यादी दिसते, कारण फायरफॉक्समध्ये ही सोय नेमकी ११५ पासूनच आहे. एकच कॉम्प्युटर, दोन ब्राउझर आणि दोन वेगळे निकाल. हे माहीत नसेल तर माणूस दोन दिवस सर्व्हरमध्ये चूक शोधत बसतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. 'असिंक-अवेट' ही लिहिण्याची पद्धत क्रोमला ५५ पासून आणि फायरफॉक्सला ५२ पासून कळते. क्रोम ४९ ला किंवा जिओफोनला ती कळत नाही. इथे एखादी सोय कमी पडली एवढ्यावर भागत नाही, वाक्याची रचनाच कळत नाही. मग ब्राउझर ती अख्खी फाइल फेकून देतो. फाइलमध्ये शंभर कामं असतील तर शंभरही बंद. पान दिसतं सगळं, पण एकही बटण हलत नाही.

म्हणून तपासणीत पहिला प्रश्न हाच विचारायचा : एकच गोष्ट बंद आहे की सगळंच? एकच बंद असेल तर बहुधा एखादी सोय कमी आहे. सगळंच बंद असेल तर बहुधा रचना कळलेली नाही.

दोन व्हर्जन शेजारी का बसत नाहीत?

नवापूरचं रेल्वे स्टेशन या भागात सगळ्यांना माहीत आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशन मास्तरांची खोली दुसऱ्या राज्यात. तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची हद्द आणि कागदपत्रं वेगळी आहेत. कॉम्प्युटरवर दोन व्हर्जन नांदवायची तर नेमकं हेच करावं लागतं.

ब्राउझर बसवला की तो दोन जागा घेतो. एक, प्रोग्रामचं फोल्डर. दुसरी, प्रोफाइलचं फोल्डर, ज्यात इतिहास, पासवर्ड, कुकी आणि सेटिंग असतात. नवं व्हर्जन बसवताना ते जुन्याच्याच फोल्डरमध्ये शिरतं आणि जुनं पुसून टाकतं. फोल्डर वेगळं ठेवलं तरी प्रोफाइल एकच राहिलं तर नव्या व्हर्जनने लिहिलेली माहिती जुन्याला वाचता येत नाही आणि प्रोफाइल बिघडू शकतं. आणि हे दोन्ही नीट केलं तरी तिसरा घरभेदी असतोच. तो म्हणजे आपोआप होणारं अपडेट. रात्री जुनं व्हर्जन ठेवून झोपलात तर सकाळी ते नवं झालेलं असतं.

थोडक्यात तीन नियम : प्रोग्रामचं फोल्डर वेगळं, प्रोफाइल वेगळं, अपडेट बंद. पुढचं सगळं या तीन नियमांवरच उभं आहे.

फायरफॉक्स : सगळ्यात सोपं

सुरुवात फायरफॉक्सपासून करावी. मोझिलाने आपली जुनी व्हर्जन स्वतःच्या अधिकृत संग्रहात जपून ठेवली आहेत, त्यामुळे भलत्या साइटवरून फाइल उतरवायची वेळ येत नाही.

इन्स्टॉल करताना 'स्टँडर्ड' न निवडता 'कस्टम' निवडावं आणि प्रत्येक व्हर्जनला आपल्या आकड्याचं फोल्डर द्यावं. उदाहरणार्थ फायरफॉक्स ५२, फायरफॉक्स ११५. मग प्रत्येकाचा वेगळा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवावा.

प्रोफाइलसाठी फायरफॉक्समध्ये प्रोफाइल मॅनेजर आहे. शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक डॅश आणि इंग्रजी कॅपिटल 'पी' लिहिलं की तो उघडतो. तिथे प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळं प्रोफाइल बनवायचं. दोन व्हर्जन एकाच वेळी उघडायची असतील तर 'नो-रिमोट' हा स्विचही जोडावा, नाहीतर दुसरा शॉर्टकट दाबला तरी पहिल्याचीच खिडकी उघडू शकते. मे २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या व्हर्जनपासून प्रत्येक फोल्डरमधला फायरफॉक्स आपलं प्रोफाइल आपणच वेगळं ठेवतो. त्याआधीच्या व्हर्जनांना मात्र हाताने सांगावं लागतं.

अपडेट बंद करायला ६० नंतरच्या व्हर्जनमध्ये 'पॉलिसी' नावाची छोटी फाइल ठेवता येते. जुन्या व्हर्जनमध्ये सेटिंगमध्येच 'अपडेट कधीही तपासू नका' असा पर्याय होता. एक काळजी घ्यायची : पहिल्यांदा उघडताना इंटरनेट बंद ठेवावं, आधी अपडेट थांबवावं आणि मगच नेट जोडावं.

क्रोम : थोडी खटपट

गुगल क्रोमची जुनी व्हर्जन साध्या वापरकर्त्याला देत नाही. "जुना क्रोम फुकट" असं सांगणाऱ्या अनेक साइट आहेत, पण त्या फाइलमध्ये आणखी काय भरलंय याची खात्री कुणी देत नाही. त्या वाटेला जाऊ नये.

अधिकृत वाटा दोन आहेत. पहिली 'क्रोम फॉर टेस्टिंग'. गुगलने २०२३ मध्ये खास तपासणीसाठी हा प्रकार काढला. झिप फाइल उतरवायची, उघडायची आणि चालवायची. तो आपोआप अपडेट होत नाही. पण त्यात ११३ पासून पुढचीच व्हर्जन मिळतात. विंडोज ७ वाल्यांसाठी जो १०९ हवा, तो त्यात नाही.

दुसरी वाट क्रोमियमची. क्रोम ज्या खुल्या प्रकल्पातून बनतो तो क्रोमियम, आणि त्याच्या जुन्या बिल्ड प्रकल्पाच्या संग्रहात आहेत. तिथे व्हर्जनच्या आकड्याऐवजी बिल्डचा क्रमांक असतो, त्यामुळे १०९ कुठल्या क्रमांकाच्या आसपास येतो ते आधी काढावं लागतं. क्रोमियममध्ये काही व्हिडिओ प्रकार चालत नाहीत, कारण त्यांचे परवाने फक्त क्रोममध्ये असतात. त्यामुळे साडीचा व्हिडिओ दिसला नाही म्हणून लगेच वेबसाइटला दोष देऊ नये.

दोन्ही प्रकारांत शॉर्टकटला 'युजर-डेटा-डिर' हा स्विच लावून प्रोफाइलसाठी वेगळं फोल्डर द्यायचं. हे विसरलं तर सगळी व्हर्जन एकाच वहीत लिहू लागतात. फार जुनी बिल्ड नव्या विंडोजवर अडखळतात, त्यांच्यासाठी व्हर्च्युअल मशीन बरं.

आणि एक गैरसमज. क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये फोनचं चित्र दाबलं की पान फोनच्या आकाराचं दिसतं. अनेकांना वाटतं की झाली जुन्या फोनवर तपासणी. तसं नाही. तिथे फक्त पडद्याचा आकार आणि ब्राउझरने सांगायचं नाव बदलतं. आतलं इंजिन नवंच असतं. वरात्यातल्या माणसाने फेटा बदलला म्हणून तो नवरदेव होत नाही.

इंटरनेट एक्सप्लोररची जुनी डोकेदुखी

एका कॉम्प्युटरवर अनेक व्हर्जन हा प्रश्न मुळात गाजला तो इंटरनेट एक्सप्लोररमुळे. सहावं व्हर्जन २००१ मध्ये एक्सपीसोबत आलं आणि वर्षानुवर्षं राहिलं. २००६ मध्ये सातवं आलं, पण दोन्ही एकत्र ठेवता येईनात, कारण हा ब्राउझर विंडोजच्या आतच विणलेला होता. सातवं बसवलं की सहावं गेलं. तेव्हा डेव्हलपरांनी 'मल्टिपल आयई' आणि नंतर 'आयई टेस्टर' अशी जुगाडं वापरली. त्यांनी काम भागायचं, पण ती हुबेहूब खऱ्यासारखी वागत नसत.

मायक्रोसॉफ्टने २००६ च्या अखेरीस यावर स्वतःचा तोडगा दिला. अख्खी विंडोज आणि त्यात जुना ब्राउझर, अशी मुदतीची व्हर्च्युअल मशीन फुकट उतरवायला ठेवली. २०१३ पासून 'मॉडर्न आयई' या नावाने ही सोय आणखी वाढली. इंटरनेट एक्सप्लोररच बंद झाल्यावर ती मागे पडली.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार संपवला. तरी तो पुरता गेलेला नाही. डिजिटल सही, ई-टेंडर आणि जावा ॲपलेटवर चालणारी कितीतरी कार्यालयीन पोर्टलं त्याच्यासाठीच बनली होती. म्हणून एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' ठेवला आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. एजच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' या भागात आयई मोडला परवानगी देऊन पानाचा पत्ता यादीत घालायचा. तो पत्ता ३० दिवस टिकतो, मग पुन्हा घालावा लागतो.

आज नवी वेबसाइट बनवताना इंटरनेट एक्सप्लोररसाठी मुद्दाम मेहनत घ्यायची गरज सहसा नसते. पण कुण्या कार्यालयाचं जुनं पोर्टल सांभाळायचं काम मिळालं तर आयई मोड यायलाच हवा.

व्हर्च्युअल मशीन : कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर

वरच्या सगळ्या युक्त्यांत ब्राउझर जुना असतो, पण त्याखालची विंडोज नवी असते. फॉन्ट, सर्टिफिकेट आणि छपाई या गोष्टी विंडोजकडून येतात. म्हणून विंडोज १० वरचा १०९ आणि विंडोज ७ वरचा १०९ अगदी सारखे वागतील असं नाही. खरी परिस्थिती बघायची तर व्हर्च्युअल मशीन लागतं.

ओरॅकलचं व्हर्च्युअल बॉक्स त्यासाठी फुकट मिळतं. त्यात एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि त्यावर विंडोज ७ बसवायची. विंडोजचा वैध परवाना मात्र लागतो. दुकानातलं एखादं बाद झालेलं यंत्र असेल तर त्याच्या परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात. ३२ बिट विंडोज ७ ला किमान १ जीबी रॅम लागते, प्रत्यक्षात २ जीबी दिली तर बरं चालते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर एका वेळी एक मशीन आरामात चालतं. लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असेल तर आधी ती चालू करावी.

सगळ्यात कामाची चीज म्हणजे 'स्नॅपशॉट'. विंडोज आणि ब्राउझर नीट बसवून झाले की त्या क्षणाचा स्नॅपशॉट घ्यायचा. नंतर काहीही बिघडलं, अपडेट घुसलं किंवा व्हायरस आला, तरी एका क्लिकवर मशीन पुन्हा त्या क्षणाला येतं.

जुन्या अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड स्टुडिओसोबत येणारा एम्युलेटर वापरता येतो. पण घरात पडलेला जुना फोन असेल तर तोच उत्तम. आपल्याकडे जुने फोन कपाटात असतातच.

मराठी-गुजराती अक्षरांची वेगळी परीक्षा

सुरतेत वेबसाइट बहुधा दोन-तीन भाषांत लागते. व्यापारी गुजराती, गिऱ्हाईक हिंदी-मराठी. महापालिकेच्या शाळासुद्धा इथे गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक माध्यमांत चालतात. जुन्या यंत्रावर भाषेची फजिती होते ती इंग्रजी डेव्हलपरांना माहीतही नसते.

पहिली गोष्ट रुपयाचं चिन्ह. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. एक्सपीच्या फॉन्टमध्ये ते असणं शक्यच नाही. विंडोज ७ सुद्धा त्याआधीची, तिला ते नंतरच्या अपडेटने मिळालं. अपडेट न केलेल्या यंत्रावर भावाच्या पुढे रिकामा चौकोन दिसतो.

दुसरी गोष्ट 'ॲ'. 'ॲप', 'ॲडव्हान्स' हे शब्द मराठीत रोजचे आहेत, पण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. एक्सपीसोबत आलेल्या मंगल फॉन्टमध्ये ते नाही. तिथेही चौकोनच.

तिसरी गोष्ट फॉन्टचं नाव. विंडोज ७ पर्यंत देवनागरीसाठी मंगल आणि गुजरातीसाठी श्रुती हे ठरलेले फॉन्ट होते. विंडोज १० मध्ये दोन्हींचं काम निर्मला यूआय करतो आणि मंगल, श्रुती हे वेगळे मागवून घ्यायचे फॉन्ट झाले. दोघांची उंची-रुंदी वेगळी आहे. त्यामुळे नव्या विंडोजवर बटणात नीट बसलेला शब्द जुन्यावर दोन ओळींत मोडतो, किंवा खालचे उकार कापले जातात.

यावर उपाय म्हणजे फॉन्ट वेबसाइटबरोबरच पाठवणं. 'वॉफ-टू' हा प्रकार नव्या ब्राउझरांना चालतो, पण इंटरनेट एक्सप्लोररला चालत नाही. म्हणून जुना 'वॉफ' सोबत ठेवावा. तपासणीसाठी एक ओळ कायम जवळ असू द्यावी, ज्यात 'व्यापाऱ्यांच्या', 'दुसऱ्या', 'ॲडव्हान्स', 'सोळा', 'शाळेत' आणि ₹ एवढं असेल. ही ओळ प्रत्येक व्हर्जनमध्ये नीट दिसली की निम्मी काळजी मिटली.

वेबसाइट उघडतच नाही तेव्हा

कधी कधी पान मोडकं दिसणं दूरच, ते उघडतच नाही. "कनेक्शन सुरक्षित नाही" एवढंच दिसतं. याचं कारण बहुतेक वेळा सर्टिफिकेट असतं.

लहान वेबसाइटवाले 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट वापरतात. ते ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या जिवावर जुन्या यंत्रांवर चालत होतं, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. अपडेट न झालेल्या अनेक यंत्रांवर त्या दिवसापासून चांगल्या चालणाऱ्या वेबसाइट अडू लागल्या. वेबसाइटवाल्याने काहीच बदललं नव्हतं, म्हणून त्याला कारणही कळेना.

इथेही ब्राउझरप्रमाणे फरक पडतो. फायरफॉक्स विश्वासू सर्टिफिकेटांची यादी स्वतःजवळ ठेवतो. जुना क्रोम ती यादी विंडोजकडून घेतो. म्हणून जुन्या यंत्रावर क्रोममध्ये न उघडणारी साइट फायरफॉक्समध्ये उघडू शकते. पहिल्याच फोनवर गिऱ्हाइकाला "फायरफॉक्समध्ये बघा जरा" असं सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. शिवाय २०२० च्या सुमारास सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या पद्धती बंद केल्या, त्यामुळे सर्व्हर फार जुना असेल तर उलटंही होतं. जुन्या ब्राउझरमध्ये साइट उघडते आणि नव्यात नाही.

सगळं भाड्याने घ्यायचं असेल तर

घरात एवढा पसारा नको असेल तर भाड्याची सोय आहे, आणि तिची मोठी कंपनी आपल्या मुंबईतूनच उभी राहिली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये ब्राउझरस्टॅक सुरू केली. वेगवेगळ्या ब्राउझरवर वेबसाइट तपासण्याचा जो ताप सगळ्यांना होता, त्याचाच त्यांनी धंदा केला. आपल्या ब्राउझरमधून त्यांच्याकडचा जुना ब्राउझर किंवा खरा फोन चालवायचा. २०२१ मध्ये या कंपनीचं मूल्य ४ अब्ज डॉलर ठरलं.

महिन्याचं भाडं परवडत असेल आणि काम नियमित असेल तर ही सोय उत्तम. वर्षातून चार-पाच वेबसाइट करणाऱ्याला मात्र घरचं व्हर्च्युअल मशीन पुरेसं आहे.

काळजी कुठे घ्यायची?

जुना ब्राउझर म्हणजे मोडक्या कडीचं दार. त्यातली भगदाडं जगजाहीर असतात. त्यात बँकेचं, मेलचं किंवा आधारचं खातं कधीही उघडू नये. तपासणीसाठी खोटं नाव आणि चाचणीचं खातं वापरावं. व्हर्च्युअल मशीनला आपल्या लॅपटॉपचे फोल्डर जोडू नयेत. आणि गिऱ्हाइकाला हेही स्पष्ट सांगावं की वेबसाइट जुन्या ब्राउझरवर चालवून दिली याचा अर्थ तो ब्राउझर सुरक्षित आहे असा नाही. पैशाचे व्यवहार नव्या यंत्रावरूनच करावेत.

किती व्हर्जन तपासायची?

सगळीच तपासायला बसलं तर काम कधी संपणारच नाही. सुरतेच्या बाजाराचं काम असेल तर पाच पुरेत : आजचा क्रोम, विंडोज ७ वरचा क्रोम १०९, फायरफॉक्स ११५, एक जुना अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर एक्सपी असेल तरच त्याच्या मागे लागावं. प्रत्येकात चारच गोष्टी बघाव्यात. पान उघडतं का? भाव आणि मराठी-गुजराती अक्षरं नीट दिसतात का? फॉर्म शेवटपर्यंत जातो का? बिल छापलं जातं का?

काम घेण्याआधी दुकानात जाऊन तिथल्या यंत्रावर ब्राउझरच्या मेनूत 'अबाउट' उघडायचं आणि व्हर्जनचा आकडा लिहून आणायचा. विंडोज कुठली तेही बघायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे. मग कोटेशनमध्ये एक ओळ लिहायची : "ही वेबसाइट अमुक ब्राउझरच्या अमुक व्हर्जनपासून पुढे चालेल." त्याहून जुन्यावर चालवून हवी असेल तर त्याचे पैसे वेगळे. ही ओळ कागदावर असली की शेठलाही कळतं आपण काय विकत घेतलं, आणि काम झाल्यावर "माझ्याकडे तर चालतंय" म्हणत भांडायची वेळ कुणावर येत नाही.